काखेतली बॅटरी

लग्नं, बारशी, म्हशींच्या शर्यती,
एकदा निपाणीत तंबाखूच्या वखारीचं उद्घाटन –
माझ्या कॅमेऱ्यानं पाहिलेलं जग एवढंच.
वैजयंता हलगेकर दुकानात आली, म्हणाली,
"भावकाण्णा, दक्षिण ध्रुवावर जायचंय मला.
तिथलं मी काढीन. तू इथलं काढ."
"इथलं म्हणजे काय गे?"
"जायच्या आधीचं. सगळं."

पहाटे पाच. येळ्ळूरचा रस्ता.
कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर,
दोराला ट्रॅक्टरची दोन गुळगुळीत टायरं.
ती ओढते. मी स्कूटरवर उलटा बसलेला,
चालवणारा मेव्हणा दर खड्ड्याला जीभ चावतो.
भातात वाकलेली एक बाई ताठ होते:
"बैल विकलीस काय गे?"
वैजू हसत नाही, श्वास मोजत असते.
वाक्य मात्र माईकमध्ये स्वच्छ आलंय.
गडाच्या चढाला टायरं अडतात,
मग पडद्यावर नुसता ताणलेला दोर
बराच वेळ.
इथं मी कट केला नाही.

बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजची थंडी पुरेना,
म्हणून मासळीची खोली. वजा बावीस.
सुरमईच्या पेट्यांमध्ये तिचा तंबू.
राखणदार बसलिंगप्पा दार ओढता ओढता थांबला,
"चळी आगूदिल्लेन, अक्का?"
आणि खांद्यावरची घोंगडी पुढे केली.
तिनं घेतली नाही. मी घेतली.
हातमोजे न काढता स्टोव्ह पेटवायचा, हा नियम.
सव्वीस काड्या मोडल्या.
सत्ताविसावी मी पाहिली नाही,
कॅमेरा सातव्या मिनिटालाच मेला होता.
तंबूतून आवाज आला, "बॅटरी काखेत धर खुळ्या,
अंड्यागत."

दिवसा ती उद्यमबागेत, फाउंड्रीत,
चौदाशे अंशांच्या रसापाशी वाळूचे साचे तपासते.
तेही घेतलं मी. चष्म्यात दोन लाल ठिपके,
भुवईवरून ओघळणारा घाम.
पुण्याचा एडिटर म्हणाला,
याचा ध्रुवाशी काय संबंध?

कुंदा मासळीच्या खोलीत दगड झाला.
हातोडी मारली तर हातोडीच सरकली.
शहापूरच्या हलवायानं कढई पुन्हा चढवली,
तूप वाढव, साखर कमी, पातळ थाप, सुपारीएवढे तुकडे,
आणि पुटपुटत राहिला,
"फोडून खायचा कुंदा! बापाला काय सांगू?"
बाप भिंतीवर होता, हारात.
मी हळूच कॅमेरा तिकडे फिरवला.

पेट्यांवर नावं घालायला वडगावचा पेंटर.
ब्रश बुडवून बसला, रंग ठिबकायला लागला.
"आधी कानडी घालू, का मराठी?
उद्या कुणी येऊन डांबर फासायला नको."
वैजू म्हणाली, "वजन घाल.
ओढणाऱ्याला तेवढंच लागतं."

शेवटच्या रात्री मी तिला कॅमेरा शिकवला.
फोकस, एक्स्पोजर, क्षितिज सरळ कसं धरायचं.
ती म्हणाली, तिथं क्षितिजच नसतं कधी कधी.
मग मीच गप्प बसलो.
सांबऱ्याच्या विमानतळावर सगळे रडतील म्हणून
दोन बॅटऱ्या भरून नेल्या होत्या.
तिचे वडील पाठमोरे, फोनवर
टायरवाल्याशी भांडत होते:
"परत देतो की वो, कुठं पळून जातंय टायर?"
ती आत गेली तरी वळले नाहीत.
फोन तर कधीच कट झाला होता.

फिल्म आली, पन्नास मिनिटांची.
पांढरं, पांढऱ्यावर पांढरं, वाऱ्याचा आवाज,
तिच्या पापण्यांवर बर्फ.
माझी त्यात अकरा सेकंदं. टायरांची.
बाकी एक्केचाळीस तास
दुकानात, नवरा-नवरींच्या कॅसेटींमागं,
एका हार्डडिस्कवर. वजन घातलेलं नाही.

परवा नंदगडला लग्न होतं. मे महिना,
मांडवाचं पत्र्याचं छत तडतडतंय,
भटजी पदरानं वारा घेताहेत,
मंगलाष्टकं संपायला आली, बॅटरी लाल,
आणि दुसरी शोधायला माझा हात
खिशात न जाता
काखेत गेला.
होती तिथंच. ऊबदार.